वास जाईपर्यंत

इनक्युबेटरच्या मधल्या कप्प्यात बारा प्लेट होत्या. तीन-तीनच्या चार थप्प्या, सगळ्या उलट्या ठेवलेल्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर निळ्या पेनाने एक ते बारांपैकी एक आकडा. दुसरं काही लिहिलेलं नव्हतं. वरच्या कप्प्यात पाण्याची एक वाटी होती आणि दाराच्या आत थर्मामीटर, त्यात पंचवीस. ताईंनी पुन्हा मोजल्या. बाराच होत्या. साडेआठला बारा होत्या, नऊला बारा होत्या, आणि आता दहाला पाच कमी असतानाही त्यांना पाय फुटलेले नव्हते.

"दार लावा आता," मागून ड्रायव्हर म्हणाला. "सर्दी होईल त्यांना."

"तुला काही काम नाही का रे?"

"आहे ना. मॅडमना आणायचंय हेड ऑफिसातून. म्हटलं जाता जाता बघावं, ताई आज कितवी फेरी मारतायत."

"गप जा."

"जातो. तेवढे कॅन गाडीत चढवून ठेवू का? सोमवारी घाई नको."

"नको," ताई म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या की तो दारातच थांबला. मग त्यांनी आवाज खाली आणला. "राहू देत. मॅडम सांगतील."

तो गेला. ताईंनी धुतलेल्या चंचुपात्रांची रांग परत नळाखाली घेतली आणि ती पुन्हा धुवायला लागल्या.

रोपांच्या रोगांवर काम करणारं ते एक लहानसं केंद्र होतं. चार खोल्या, मागे काचघर, काचघरामागे टोमॅटोचा एक तुकडा. ताई तिथे अठ्ठावीस वर्षं प्रयोगशाळा सहायक होत्या, आणि निवृत्तीला साडेचार वर्षं राहिली होती. त्या बारा प्लेटांत, बटाट्याच्या माध्यमावर, म्हणजे जेलीसारख्या गोठवलेल्या खाद्यावर, करप्याची बुरशी वाढत होती. हीच बुरशी टोमॅटोच्या पानावर आधी टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका टाकते, मग ठिपक्याभोवती कडं, कड्याभोवती आणखी कडं, आणि पंधरा दिवसांत झाड विस्तवावर धरल्यासारखं करून ठेवते.

तिच्यावर औषध म्हणून केंद्र चालवणाऱ्या मॅडमनी डाळिंबाच्या साली निवडल्या होत्या. रसाच्या कारखान्यामागे सालींचे ढीग कुजत पडायचे, घेऊन जा म्हटलं तर कारखानेवाले वर चहा पाजायचे. साली वाळवायच्या, दळायच्या, स्पिरिटमध्ये भिजत घालायच्या, गाळायच्या. मग गाळून निघालेला द्रव पसरट भांड्यात ओतून वॉटर बाथवर, म्हणजे कोमट पाण्याच्या टाकीत, ठेवायचा आणि सगळं स्पिरिट उडवून द्यायचं. तळाशी राहतो तो तपकिरी, चिकट अर्क. तो पाण्यात कालवला की झालं औषध. साध्या माध्यमावर बुरशी सात दिवसांत चौऱ्याऐंशी मिलिमीटर पसरायची, अर्क घातलेल्या माध्यमावर तीस-बत्तीसलाच अडायची. निम्म्याच्या आत, म्हणजे बेचाळीसच्या आत अडली तर औषध बाहेर द्यायला हरकत नाही, असं वरच्या समितीचं म्हणणं होतं. त्यामुळे येत्या सोमवारी चाळीस टोमॅटोवाल्यांना कॅन जायचे होते. ते सगळे नेहमीची फवारणी थांबवून हीच मारणार होते. कॅन व्हरांड्यात भरून, झाकणं लावून उभे होते.

आणि आठवड्यापूर्वी ताईंनी मॅडमना म्हटलं होतं, "एकदा परत लावून बघूया का?"

त्याला निमित्त झाला हाच ड्रायव्हर. अर्काच्या बाटल्यांचं खोकं घेऊन तो दुसऱ्या केंद्रावर गेला होता. रस्त्यावर धूळ, म्हणून काचा बंद. परत आल्यावर किल्ली खुंटीला लावताना म्हणाला, "ताई, तुमचं औषध आहे की काय आहे? गाडीत बसवेना. एखाद्या पोलिसाने अडवलं असतं तर म्हणाला असता, सकाळी सकाळी घेऊन आलास का रे."

"सालीचा उग्रपणा असतो तो," ताई हसून म्हणाल्या होत्या.

"साल मला कळत नाही, पण स्पिरिट कळतं. फर्निचरला पॉलिश करणाऱ्याकडे चार वर्षं काढलीत मी."

तो गेल्यावर ताईंनी एक बाटली उघडून नाकाशी धरली. पाणी धरल्यासारखं वाटलं. हात पुढे करून स्पिरिटचीच बाटली उघडली, तीही धरली. तेही पाणीच.

हे त्यांना नवीन नव्हतं. एक वर्ष नऊ महिन्यांपूर्वी चार दिवस ताप आला होता, साधाच. ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. काही आला नाही. घरात त्यांनी निभावून नेलं. दूध तापायला ठेवलं की समोरून हलायचं नाही. फोडणी रंगावरून ओळखायची. नवरा चष्म्याच्या दुकानात काचा घासायचा, माणूस बारीक नजरेचा, पण तोही एवढंच म्हणाला होता, "हल्ली तू घड्याळ बघून स्वयंपाक करतेस. जेवायला बसलं की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं." त्या म्हणाल्या, "मग पास व्हा आणि उठा." विषय तिथेच मिटला.

पण प्रयोगशाळेत गोष्ट वेगळी होती. तिथे ताईंचं नाक हे ताईंपेक्षा मोठं होतं. दारातूनच त्या सांगायच्या, आतल्या कुठल्या तरी प्लेटमध्ये भलती बुरशी शिरली आहे, आणि दहा मिनिटांत ती प्लेट सापडायची. माध्यम करपायच्या आधी त्यांना कळायचं. एकदा गॅसची नळी बारीकशी सुटली होती ती त्यांनी आवारातून ओळखली होती. आधीचे साहेब पाहुण्यांना घेऊन यायचे ते यंत्रं दाखवायला, आणि शेवटी ताईंकडे बोट करून म्हणायचे, "हे आमचं सगळ्यात जुनं यंत्र, अजून एकदाही दुरुस्तीला गेलेलं नाही." मॅडम आल्या तेव्हा त्यांनी अर्काची पद्धत टाइप करून भिंतीवर लावली. सातवी ओळ अशी होती: स्पिरिटचा वास पूर्ण जाईपर्यंत सुकवावे, खात्री ताईंकडून करून घ्यावी.

ती ओळ ताई रोज वाचायच्या. वास गेला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण पहिल्या आठवड्यात वाटलं, येईल. दुसऱ्या महिन्यात वाटलं, आता एवढ्या दिवसांनी काय सांगायचं. आणि मग सांगायची वेळ टळून गेली. वासाच्या जागी त्यांनी आठवण ठेवली. पूर्वी भांडं चार तासांत कोरडं व्हायचं, तेव्हा वास गेलेला असायचा. म्हणून आता चार तास झाले की त्या नाक खाली न्यायच्या, डोळे मिटायच्या, दोन क्षण थांबायच्या आणि म्हणायच्या, "गेला."

ताप उतरला त्याच महिन्यात काम वाढलं होतं. एका किलोच्या जागी तीन किलो साल भिजायला लागली आणि लहान भांड्यांच्या जागी खोलगट मोठी आली. ताईंचे चार तास तेच राहिले. खोलीत टेबलंही स्पिरिटनेच पुसली जात, तिथे कायम तोच वास. त्यामुळे दुसऱ्या कुणाला वेगळं काही जाणवायचं कारण नव्हतं. फक्त मागच्या तुकड्यात झाडांवर फवारून पाहिलं तेव्हा प्लेटमध्ये दिसला तेवढा फरक दिसला नव्हता. मॅडमनी तो दोष पावसावर घातला. पाऊस झालाही होता.

ड्रायव्हर बोलला त्याच्या दुसऱ्या दिवशी ताईंनी नवं भांडं लावलं आणि चार तासांनी डोळे मिटायच्याऐवजी ते काट्यावर ठेवलं. मग पुन्हा वॉटर बाथवर. अर्ध्या तासाने परत काट्यावर. वजन उतरलं होतं. आणखी अर्ध्या तासाने आणखी उतरलं. असं साडेतीन तास चाललं होतं, म्हणजे एकूण साडेसात. तेव्हा कुठे तीन वजनं ओळीने सारखी आली. आपण दर वेळी किती स्पिरिट औषध म्हणून घालत होतो, तो आकडा त्यांच्या समोर ग्रॅममध्ये लिहिलेला होता. आणि स्पिरिटने बुरशी अडते हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. टेबल त्याचसाठी पुसतात.

मॅडमना त्यांनी आकडे दाखवले. फक्त आकडे. मॅडमनी ते दोनदा वाचले, खुर्ची मागे सारली, आणि पंधरा मिनिटांत नवा प्रयोग आखला. चार प्रकार, प्रत्येकी तीन प्लेट. एकात नुसतं पाणी. एकात नुसतं स्पिरिट, जेवढं जुन्या अर्कात राहून जात होतं तेवढंच. एकात जुना अर्क. एकात साडेसात तास सुकवलेला कोरडा अर्क. कुठल्या आकड्याची प्लेट कुठली, ती चिठ्ठी मॅडमच्या पर्समध्ये. मोजणाऱ्याला माहीत असलं की पट्टी कलते, असं त्यांचं म्हणणं.

मोजायची वेळ आज अकरा होती. मॅडम अकराला दहा कमी असताना आल्या, पर्स खुंटीला न लावता टेबलावर ठेवली, आणि बसल्या नाहीत.

"बघितल्यात?"

"वरून. काढल्या नाहीत."

"किती वेळा?"

"तीन." मग ताई म्हणाल्या, "चार."

मॅडमना हसू आलं, पण ते ओठांपर्यंत पोचायच्या आत परत गेलं. वयाने त्या ताईंपेक्षा बारा वर्षांनी लहान. आल्या त्या वर्षी ताईंनीच त्यांना कुठलं कपाट लाथ मारल्याशिवाय उघडत नाही ते शिकवलं होतं.

"हे बघा ताई, मी रात्रभर एकच विचार करतेय. निकाल काय लागायचा तो लागेल. पण समितीला कारण लिहून द्यावं लागणार. अठरा वेळा अर्क काढला आपण, अठराही वेळा ओला कसा राहिला, हे विचारतीलच."

"विचारणारच."

"मी लिहिते, वॉटर बाथ नीट तापत नव्हता. जुनाच आहे तो. तुमच्यावर काही यायला नको. यंत्राला काय, अब्रू थोडीच असते."

ताईंनी हातातलं फडकं चौकोनी घडी करून ठेवलं. परत उलगडलं.

"वॉटर बाथ चांगला आहे," त्या म्हणाल्या. "मी बुधवारी दुसरा थर्मामीटर लावून बघितला. अठ्ठेचाळीसला सांगितलं तर अठ्ठेचाळीसलाच राहतो. दिवसभर."

"अहो, ते कोण बघायला येतंय?"

"ते नवा मागवतील. नव्यावर पण अर्क ओलाच राहील."

"का राहील?"

 ताई खिडकीपाशी गेल्या, परत आल्या, मॅडमच्या समोर उभ्या राहिल्या.

"मला वास येत नाही."

मॅडमना आधी समजलं नाही. "सर्दी झालीय?"

"नाही. येतच नाही. काहीच."

मॅडमनी कपाटावरची बाटली उचलली, झाकण काढलं आणि ताईंच्या समोर धरली. अगदी सावकाश, कुणाला दुखणार नाही अशा बेताने. "हे काय आहे?"

"स्पिरिट."

"मग?"

"बाटलीवर लिहिलंय."

 मॅडमनी झाकण लावलं, ते आट्यांवर बसेना, पुन्हा काढून लावलं.

"केव्हापासून?"

"एक वर्ष नऊ महिने."

"म्हणजे अठराच्या अठरा."

"हो."

"तुम्ही खाली वाकायचात. माझ्यासमोर वाकायचात. डोळे मिटून." मॅडमचा आवाज चढला नव्हता, पण पातळ झाला होता. "मी मागे उभी असायचे, हातात वही घेऊन. तुम्ही गेला म्हणालात की मी वेळ लिहायचे."

"हो."

"एकदा सांगता आलं नाही तुम्हाला? मी काय खाऊन टाकलं असतं?"

"कसं सांगू?" ताई भिंतीकडे बघत म्हणाल्या. "तुम्ही माझं नाक टाइप करून लावलंत."

मॅडम वळून बाहेर गेल्या. व्हरांड्यातून त्यांच्या चपलांचा आवाज एका टोकाला गेला, परत आला, पुन्हा गेला. ताई टेबलाशी उभ्या राहिल्या. आपल्याला इथून उचलून रेकॉर्डच्या खोलीत बसवतील, फायलींना नंबर घालायला, हे त्यांना दिसत होतं. त्याचं एवढं काही वाटत नव्हतं, याचंच नवल वाटत होतं. डोक्यात भुणभुणत होतं ते दुसरंच. साल खरंच काही करते का? ढिगातून आपण स्वतः निवडलेली, वाळवलेली, बोटं काळी पडेपर्यंत फोडलेली साल. का दोन वर्षं आपण स्पिरिटलाच टोपणनाव देऊन बसलो होतो?

बाहेर ड्रायव्हरचा आवाज आला. "मॅडम, कॅन चढवू?"

"थांबा."

"सोमवारी मग—"

"म्हटलं ना, थांबा."

मॅडम आत आल्या. डोळे लाल नव्हते, पण चेहरा धुतल्यासारखा होता. त्यांनी भिंतीवरचा कागद चिकटपट्टीसकट काढला, टेबलावर पसरला, पेन उघडलं आणि सातव्या ओळीवर एक सरळ रेघ ओढली. खाली पेन टेकवून त्या थांबल्या.

"काय लिहू?"

ताईंना क्षणभर वाटलं, त्या स्वतःशीच बोलतायत.

"ताई, तुम्हाला विचारतेय. वास नाही तर काय?"

"वजन," ताई म्हणाल्या. "अर्ध्या अर्ध्या तासाने. ओळीने तीन सारखी येईपर्यंत."

"किती फरक चालेल?"

"शंभरात अर्धा ग्रॅम. आपला काटा तेवढाच खरा आहे. त्याच्या खालचा आकडा पंख्याच्या वाऱ्यानेसुद्धा हलतो. पंखा बंद करून घ्यायचं, तेही लिहा."

मॅडमनी लिहिलं. पंख्याचंही लिहिलं. मग कागद बाजूला सारून म्हणाल्या, "समितीला मी खरं ते लिहीन."

"लिहा."

"तुमचं नाव घालून लिहावं लागेल."

"दुसऱ्या कुणाचं घालणार?"

"आणि घरी तरी सांगितलंय का?"

"नाही."

"आज सांगा. गॅस असतो घरात." एवढं बोलून मॅडमनी वही पुढे ओढली. "आणा प्लेट."

ताईंनी इनक्युबेटर उघडला. चार थप्प्या एकेक करून ट्रेवर आणल्या, खाली काळं कापड अंथरलं, पोलादी पट्टी पुसली. या कामात नाक लागत नव्हतं. बुरशीचा वाटोळा काळपट डाग पाठीमागून दिसत होता, कडेला करडी मऊ झालर. प्रत्येक डाग दोन दिशांनी मोजायचा, एकदा आडवा, एकदा उभा, आणि दोहोंची सरासरी सांगायची.  ताईंनी पहिली प्लेट उचलून पट्टी धरली.

"एक नंबर. पन्नास."

"पन्नास," मॅडमनी लिहिलं.

"दोन. चौऱ्याऐंशी."

"चौऱ्याऐंशी."

"तीन. तेहतीस."

चौथ्या प्लेटला ताईंनी पट्टी दोनदा ठेवली, सांगितलं, पुढे गेल्या. दारात ड्रायव्हर येऊन उभा राहिला होता. त्याला कुणी जा म्हटलं नाही. सहाव्या प्लेटला मॅडमच्या पेनाची शाई थांबली, त्यांनी ते झटकलं, फरशीवर निळे ठिपके पडले. नवव्याला ताईंनी चष्मा काढून पदराने पुसला. बारावी प्लेट मोजून झाली तेव्हा अकरा वाजून बावीस मिनिटं झाली होती.

मॅडमनी पर्समधून चिठ्ठी काढली. तिची घडी इतक्या वेळा उघडली-मिटलेली होती की ती मधोमध फाटायला आली होती.

"मी नंबर सांगते," त्या म्हणाल्या, आणि वही ताईंकडे सरकवली. "तुम्ही आकडे वाचा."

"बरं."

"नुसतं पाणी. दोन, सात, बारा."

"चौऱ्याऐंशी. पंच्याऐंशी. चौऱ्याऐंशी."

"नुसतं स्पिरिट. एक, पाच, दहा."

"पन्नास. बावन्न. एक्कावन्न."

"जुना अर्क. तीन, सहा, नऊ."

"तेहतीस. एकतीस. चौतीस."

"कोरडा अर्क," मॅडम म्हणाल्या. "चार, आठ, अकरा."

ताईंनी वहीच्या ओळीखाली बोट धरलं.

"साठ. एकसष्ट. एकोणसाठ."

सरासरी साठ मिलिमीटर. पाण्यापेक्षा चोवीस कमी, म्हणजे साल काहीतरी करत होती; पण समितीच्या बेचाळीसच्या वर, म्हणजे सोमवारी कॅन जाणार नव्हते.